धुरजड की उलाळ? ट्रेलरचं टंग वेट आणि गाडीचा हिच

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचं मनात आलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "माझी गाडी किती ओढते?" मीही तोच विचारला होता. डीलरकडच्या सेल्समननं गाडीचं मॉडेल विचारलं, फोनवर काहीतरी बघितलं आणि म्हणाला, पाच हजार पौंड. ट्रेलर रिकामा ३,६५० पौंडांचा. साडेतेराशे पौंड शिल्लक, मग काळजी कसली? सह्या झाल्या, फोटो काढले, ट्रेलर घरी आला.

पहिल्या सहलीसाठी सामान भरून ट्रेलर जोडला, तर आमच्या एसयूव्हीचं बूड खाली बसलं आणि नाक वर. त्या उन्हाळ्यात आप्पा साताऱ्याहून आमच्याकडे मिशिगनला आले होते. ड्राइव्हवेवर हात मागे बांधून त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा ट्रेलरकडे, आणि म्हणाले, "धुरजड झालीय रे."

शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. बैलगाडीत ओझं पुढच्या बाजूला जास्त भरलं की भार जुवावर, म्हणजे बैलांच्या मानेवर येतो. ती गाडी धुरजड. ओझं मागे जास्त झालं की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळतात. ती गाडी उलाळ. गाडी भरणाऱ्याचं सगळं कसब या दोन्हींच्या मध्ये. आप्पांनी आयुष्यभर ऊस भरला, त्यामुळे टंग वेट हा शब्द कधी न ऐकताही त्यांना जे एका नजरेत दिसलं, ते समजायला मला दोन महिने आणि वजनकाट्याच्या दोन पावत्या लागल्या.

टंग वेट म्हणजे ट्रेलर आपल्या गाडीच्या मागच्या टोकावर सरळ खाली जो भार टाकतो तो. ओढायचं वजन वेगळं, हे वेगळं. आणि माझं मत विचाराल तर नवख्यानं ट्रेलर निवडताना सुरुवात याच आकड्यापासून करावी, कारण बहुतेक गाड्या ओढण्यात कमी पडत नाहीत, पाठीवर पेलण्यात कमी पडतात.

आधी सुटे भाग ओळखून घ्या

गाडीच्या मागच्या बंपरखाली जी चौकोनी पोलादी नळी असते तो रिसीव्हर. त्यात आडवा दांडा सरकवतो तो बॉल माउंट, त्यावर बसवलेला पोलादी गोळा म्हणजे बॉल. ट्रेलरच्या पुढच्या तिकोनी सांगाड्याला टंग म्हणतात. त्याच्या टोकाला बॉलवर टोपीसारखं बसणारं तोंड असतं, तो कपलर. गाडीकडच्या या जोडणीला मिळून हिच म्हणतात. या प्रत्येकावर त्याची क्षमता लिहिलेली किंवा कोरलेली असते. साखळीत जो दुवा सगळ्यात कच्चा, तेवढीच तुमची मर्यादा. दहा हजारांचा रिसीव्हर आणि त्यावर साडेतीन हजारांचा बॉल असेल, तर तुमच्याकडे साडेतीन हजारांचीच सोय आहे.

पहिली पायरी: ड्रायव्हरचं दार उघडा

दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेच्या दाबाचं एक स्टिकर असतं. त्यावर "द कंबाइंड वेट ऑफ ऑक्युपंट्स अँड कार्गो शुड नेव्हर एक्सीड" असं लिहून पुढे किलो आणि पौंडांत आकडा दिलेला असतो. हा तुमच्या गाडीचा पेलोड. तुमच्याच गाडीचा, त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांचा नव्हे. शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलला सनरूफ आणि मोठी चाकं असतील तर त्याचा आकडा कमी निघेल. वर जितकी चैन, तितका पेलोड कमी.

या पेलोडमध्ये माणसं, सामान, कुत्रा, हिचचं लोखंड आणि टंग वेट, सगळं येतं. लोक हेच विसरतात. ट्रेलर मागे असतो म्हणून त्याचा भार गाडीवर नाही असं वाटतं. त्याच्या एकूण वजनातला आठवा-सातवा हिस्सा मात्र सरळ गाडीच्या पाठीवर बसलेला असतो.

माझ्या एसयूव्हीचा आकडा होता १,२८०. आम्ही नवरा-बायको, दोन मुलं आणि आप्पा मिळून ६५० पौंड. डिकीतलं सामान आणि बॉल माउंट ११०. शिल्लक ५२०. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच दारावर दुसरं स्टिकर असतं. त्यात जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन, आणि पुढच्या-मागच्या धुऱ्यांची, म्हणजे ॲक्सलची, वेगवेगळी मर्यादा असते. दोन्ही स्टिकरांचे फोटो काढून फोनमध्ये ठेवा. डीलरकडे जाताना क्रेडिट कार्डाच्या आधी हे हवेत.

जाहिरातीतला तो "ओढते" आकडा कुठून येतो तेही ऐका. बऱ्याच कंपन्या तो वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या एसएई जे २८०७ या मानकानुसार काढतात. त्यात गाडीत प्रत्येकी १५० पौंडांची दोन माणसं धरलेली असतात आणि टंग वेट ट्रेलरच्या दहा टक्के. मुलं, आजोबा, कूलर, गाद्या, सायकली या हिशेबात नाहीत. म्हणजे ५,००० पौंड हा दोघांनी हात हलवत जायचा आकडा आहे. आपण कुठे जाताना हात हलवत गेलोय?

दुसरी पायरी: रिसीव्हरखाली वाका

रिसीव्हरवर किंवा त्याच्या बाजूला स्टिकर असतं. जुन्या गाडीचं मिठानं, चिखलानं गेलेलं असेल तर ओनर्स मॅन्युअलमध्ये टोइंगचं प्रकरण उघडा. स्टिकरवर बहुधा दोन ओळी असतात. एक वेट कॅरिइंगची, दुसरी वेट डिस्ट्रिब्यूटिंगची. पहिली ओळ नुसत्या बॉलवर ट्रेलर टेकवला तर किती हे सांगते. दुसरी खास स्प्रिंग बारवाला हिच लावला तर किती हे. पूर्ण आकाराच्या पिकअपवरही पहिल्या ओळीत ५,००० पौंड ट्रेलर आणि ५०० पौंड टंग, आणि दुसऱ्या ओळीत त्याच्या दुप्पट, असे आकडे सर्रास दिसतात. लोक दुसरी ओळ वाचतात आणि पहिल्या ओळीसारखं जोडतात.

रिसीव्हरचे वर्ग ढोबळमानाने असे. क्लास १ ची नळी सव्वा इंची, २,००० पौंडांचा ट्रेलर आणि २०० पौंडांचा टंग. क्लास २ बहुधा सव्वा इंचीच, ३,५०० आणि ३५०. क्लास ३ दोन इंची, वर ८,००० आणि ८०० पर्यंत. क्लास ४ दोन इंची, साधारण १०,००० आणि १,०००. त्याच्या पुढचा क्लास ५, दोन किंवा अडीच इंची, दणकट पिकअपवर असतो. कंपनीगणिक हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, त्यामुळे वर्ग अंदाजापुरता आणि स्टिकर हिशेबाला.

नळीच्या मापावरून ताकद ओळखायला जाऊ नका. लहान क्रॉसओव्हरलाही दोन इंची नळी मिळते, आणि त्या गाडीची मर्यादा ३,५०० आणि ३५० असू शकते. नळी दोन इंची आहे म्हणून क्लास ३ असेल, हा तर्क मी स्वतः केला होता.

आणखी एक गैरसमज दुकानात विकत मिळतो. गाडीची क्षमता ३,५०० असेल आणि तुम्ही बाहेरून क्लास ३ चा आठ हजारी रिसीव्हर बसवला, तर गाडी आठ हजारी होत नाही. तिची ब्रेक, सस्पेन्शन, गिअरबॉक्स, धुरे सगळं तेच राहतं. तट्टाला हत्तीची अंबारी बांधल्यासारखं. सव्वा इंचीचं दोन इंची करणारा ॲडॅप्टर क्षमता वाढवत नाही. आणि रिसीव्हर मागे लांबवणारं एक्सटेन्शन लावलं तर तरफेचा हात लांबतो, म्हणून त्याचे बनवणारेच क्षमता सहसा निम्म्यावर आणायला सांगतात. एक्सटेन्शनवर ट्रॅव्हल ट्रेलर लावण्याचा विचार सोडून द्या.

आमच्या मिशिगनसारख्या ठिकाणी हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं. वापरलेली गाडी घेतलीत तर रिसीव्हरच्या वेल्डिंगजवळ स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. पापुद्रे निघत असतील तर स्टिकरवरचा आकडा नव्या लोखंडाचा होता हे लक्षात घ्या.

तिसरी पायरी: ब्रोशरमधला आकडा बाजूला ठेवा

अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियानामधल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या कारखान्यांत बनतात. आमच्या घरापासून ते गाव दोन-अडीच तासांवर. तिथून निघताना ट्रेलर जसा असतो तसं त्याचं वजन ब्रोशरमध्ये येतं: ड्राय वेट आणि ड्राय हिच वेट, म्हणजे कोरड्या ट्रेलरचं टंग वेट. ड्राय म्हणजे खरोखरच कोरडा. पाणी नाही, गॅस नाही, बहुधा बॅटरीही नाही, आणि तुमचा कुकर तर नाहीच.

माझ्या ट्रेलरचं ड्राय हिच वेट ३९० होतं. गाडीची टंगची मर्यादा ५००, म्हणजे ११० शिल्लक, असं मी बायकोला छाती फुगवून सांगितलं होतं. आता बघा काय झालं. २० पौंड गॅसचे दोन प्रोपेन सिलिंडर, टाकीच्या लोखंडासकट प्रत्येकी सुमारे ३७, म्हणजे ७४. एक बॅटरी सुमारे ५०. हे सगळं थेट टंगच्या तिकोनावर बसतं, म्हणजे त्यातला जवळजवळ सगळा भार टंगवर. सामान भरायच्या आधीच आम्ही ५१० च्या पुढे. त्यानंतर पुढच्या खणात खुर्च्या, पाण्याचे पाइप, लेव्हलिंगचे ठोकळे. आणि पोळपाट-लाटणं, इडलीपात्र, दहा किलो तांदूळ, जे सोबत घेतल्याशिवाय आपण कॅम्पिंगला जातच नाही.

पाण्याचा वेगळा हिशेब ठेवा. अमेरिकन गॅलन सुमारे ८.३ पौंडांचा. चाळीस गॅलनची टाकी भरली की ३३० पौंडांची भर. टाकी ट्रेलरच्या धुऱ्याच्या पुढे असेल तर टंग वेट वाढतं, मागे असेल तर कमी होतं. टाकी नेमकी कुठे आहे हे डीलरला विचारा. त्याला माहीत नसेल तर खाली वाकून बघा.

म्हणून घेण्याआधीचा अंदाज असा करा: ट्रेलरच्या बाहेरच्या स्टिकरवर त्याचा जीव्हीडब्ल्यूआर असतो, तो घ्या आणि त्याचे १३ टक्के काढा. ५,००० चा ट्रेलर असेल तर ६५०. ६,००० चा असेल तर ७८०. ७,५०० चा असेल तर ९७५. ट्रॅव्हल ट्रेलरचं टंग वेट भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांत असावं असा इथला नियम आहे, म्हणून मधला आकडा धरायचा.

उलटाही हिशेब करून बघा, तो जास्त डोळे उघडतो. टंगची मर्यादा ५०० असेल तर १३ टक्क्यांनी भरलेला ट्रेलर फार तर ३,८५० चा बसतो. मग ५,००० "ओढते" त्याचा उपयोग काय? नावेचा ट्रेलर असेल, कमी टंग वेटचा, तर आहे. घराएवढ्या उंच, वाऱ्याला छाती देणाऱ्या ट्रॅव्हल ट्रेलरला फारसा नाही.

चौथी पायरी: मोजा

अंदाज ट्रेलर विकत घेण्याआधीपुरता. घेतल्यावर मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. बाजारात खास हिच स्केल मिळतात, बॉल माउंटमध्येच काटा बसवलेलेही मिळतात. पण घरच्या बाथरूममधल्या वजनकाट्यावरही काम होतं, फक्त तो ३०० पौंडांपर्यंतच मोजतो म्हणून तरफ वापरायची.

आम्ही असं केलं. ट्रेलर सपाट जागी, सहलीला निघताना असतो तसा भरलेला. चाकांना पुढून-मागून पाचर लावलेली. चार फूट लांबीची जाड चौरस लाकडी तुळई घेतली. तिचं एक टोक विटेवर, दुसरं बाथरूम स्केलवर, दोन्ही ठिकाणी खाली पाइपचा छोटा तुकडा, म्हणजे भार एका रेषेत पडतो. विटेवरचा पाइप आणि काट्यावरचा पाइप यांत बरोबर तीन फूट अंतर. विटेच्या पाइपापासून एक फुटावर लाकडी खांब उभा केला आणि त्यावर कपलर टेकवला. ट्रेलरचा जॅक हळूहळू वर घेतला, तो जमिनीवरून सुटला की सगळा भार खांबावर. भार काट्यापासून दोन भाग आणि विटेपासून एक भाग दूर असल्यामुळे काट्यावर एक तृतीयांशच येतो.

आप्पा काट्याजवळ उकिडवे बसले होते. "एकशे चौऱ्याण्णव," त्यांनी वाचलं. तुळई आणि खांबामुळे काटा रिकामाच ७ दाखवत होता. १९४ वजा ७ म्हणजे १८७. गुणिले तीन. ५६१.

मी पुन्हा मोजलं. तेवढंच.

"तुझ्या त्या पुस्तकात किती लिहिलंय?" आप्पा म्हणाले.

"तीनशे नव्वद."

"मग पुस्तकालाच जुंप."

मोजताना कपलर जोडल्यावर असतो त्याच उंचीवर हवा. ट्रेलर पुढे झुकलेला असेल तर आकडा बदलतो. कपलरऐवजी जॅकचा पाय तुळईवर टेकवलात तर जॅक थोडा मागे असल्यामुळे आकडा जरा जास्त येतो. आणि कुणीही, मुलं तर अजिबात, टंगखाली हात किंवा पाय घालायचा नाही.

बाथरूम स्केलवर विश्वास बसत नसेल तर ट्रक स्टॉपवर जा. महामार्गावरच्या बऱ्याच ट्रक स्टॉपना कॅट स्केल नावाचा मोठा काटा असतो. त्याला तीन पाट असतात, गाडीचे पुढचे चाक, मागचे चाक आणि ट्रेलरची चाकं वेगवेगळ्या पाटांवर येतील असं उभं राहायचं. खिडकीतून बटण दाबून बोला किंवा त्यांचं फोन ॲप वापरा. पैसे किरकोळ लागतात आणि त्याच दिवशीचं दुसरं वजन त्याहून स्वस्त पडतं. अठरा चाकी ट्रकवाले मागे थांबले असले तरी घाबरू नका. मला वाटलं होतं हॉर्न वाजवतील. एकानं उतरून मला पाट कुठे संपतो ते दाखवलं.

वजन दोनदा करायचं. एकदा ट्रेलर जोडून, स्प्रिंग बार असतील तर सैल सोडून. मग पार्किंगमध्ये ट्रेलर सोडून नुसती गाडी, आतली माणसं आणि पेट्रोल तेवढंच. आमच्या पावत्या अशा होत्या. नुसती गाडी: पुढचा धुरा २,७२०, मागचा २,७६०, मिळून ५,४८०. ट्रेलरसकट: पुढचा २,५००, मागचा ३,५४०, ट्रेलरचे धुरे ३,८४०. आता गाडीच्या दोन धुऱ्यांची बेरीज ६,०४०. त्यातून ५,४८० गेले, उरले ५६०. हेच टंग वेट. घरच्या काट्यापेक्षा एका पौंडाचा फरक, आणि आप्पांच्या अंदाजापेक्षा दोन महिने उशीर.

पूर्ण ट्रेलर ५६० अधिक ३,८४०, म्हणजे ४,४००. ओढायच्या पाच हजारांत अगदी आरामात. टक्केवारी १२.७, तीही शहाण्यासारखी. पण टंगची मर्यादा ५०० ची होती, ती ६० नं ओलांडलेली. पेलोडचे ५२० उरले होते ते ४० नं ओलांडलेले. गाडीचा जीव्हीडब्ल्यूआर ६,०००, तोही ४० नं. आणि सगळ्यात वाईट गोष्ट पावतीच्या पहिल्या रकान्यात होती: पुढच्या चाकांवरून २२० पौंड उडून गेले होते. गाडी वळते त्या चाकांनी आणि ब्रेकचा बराच जोरही तिथेच. पावसात स्टिअरिंग का हलकं लागत होतं आणि समोरचे लोक रात्री का लाइट मारत होते, याचं उत्तर मिळालं.

पाचवी पायरी: सगळे आकडे एका कागदावर

कागद घ्या. डावीकडे तुमचा मोजलेला आकडा, उजवीकडे मर्यादा. टंग वेट विरुद्ध रिसीव्हरचं स्टिकर, विरुद्ध बॉल माउंट, विरुद्ध गाडीच्या मॅन्युअलमधली टंगची मर्यादा. ट्रेलरचं भरलेलं वजन विरुद्ध बॉल, विरुद्ध कपलर, विरुद्ध गाडी. मग पेलोड, मागचा धुरा. सगळ्या ओळी जमल्या तरच जमलं. एकाही ठिकाणी "थोडंसंच जास्त आहे" असं असेल तर ते जास्तच आहे.

बॉलच्या मापात गफलत नको. दोन इंची आणि दोन पूर्णांक पाच-सोळांश इंची हे दोन नेहमीचे. मोठ्या मापाच्या कपलरमध्ये दोन इंची बॉल बसतो, कुलूपही लागल्यासारखं वाटतं, आणि पहिल्या खड्ड्याला कपलर उडून बाहेर येतो. माप कपलरवर छापलेलं असतं, वाचा. बॉल माउंट खाली-वर उंचीचे मिळतात. जोडल्यावर ट्रेलर जमिनीला समांतर राहील तोच घ्या.

स्प्रिंग बारवाला हिच कधी लागतो

पुढच्या वर्षी आम्ही पिकअप घेतली. दारावरचा पेलोड १,६२०. रिसीव्हरवर वेट कॅरिइंग ५,००० आणि ५००, वेट डिस्ट्रिब्यूटिंग ११,००० आणि १,१००. ट्रेलर तोच, टंग ५६०. म्हणजे एवढ्या दांडग्या गाडीलाही नुसत्या बॉलवर हा ट्रेलर चालत नव्हता! म्हणून वेट डिस्ट्रिब्यूशन हिच घेतला.

हातगाडीचे दांडे हातात धरून वर उचलले की भार चाकाकडे सरकतो ना, तसंच हे. हिचच्या डोक्यातून निघालेले दोन ताठ बार साखळीनं किंवा कंसानं ट्रेलरच्या सांगाड्याला ताणून बांधतात. त्यामुळे मागच्या धुऱ्यावरचा काही भार गाडीच्या पुढच्या चाकांवर परततो आणि काही ट्रेलरच्या चाकांवर जातो. टंग वेट नाहीसं होत नाही, वाटलं जातं. म्हणून पेलोडच्या हिशेबात मी ते पूर्णच धरतो. आमचा हिशेब असा: माणसं ६५०, सामान १५०, हिचचं लोखंड ८०, टंग ५६०, मिळून १,४४०. शिल्लक १८०. पिकअप आहे म्हणून मागे लाकडं भरू म्हणणाऱ्या मित्राला हा आकडा दाखवावा लागला.

बारांनाही क्षमता असते, ६००, ८००, १,०००, १,२०० अशी. मोजलेल्या टंग वेटच्या लगतचा वरचा घ्या. फार ताठ बार घेतले तर ते वाकतच नाहीत आणि ट्रेलर दणके खातो. ताण किती द्यायचा ते मोजायला टेपपट्टी पुरते: पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासून उंची ट्रेलरशिवाय मोजा, मग ट्रेलर जोडून बार सैल ठेवून, मग बार ताणून. समजा ३६ इंच होती, जोडल्यावर ३७ झाली. बार ताणल्यावर ती किती परत यायला हवी हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. काही कंपन्या निम्मी म्हणतात, काही पूर्ण. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये असा हिच लावूच नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तिथे वाद घालू नका. त्या गाडीला पहिल्या ओळीचाच ट्रेलर.

हलकं टंग त्याहून वाईट

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग सामान मागे सरकवू, टंग हलकं करू. मीही एकदा केलं. तांदूळ, कूलर, अवजारांची पेटी सगळं मागच्या बंकखाली ठेवलं आणि दोन सायकली ट्रेलरच्या मागच्या बंपरवर लटकवल्या. आय-९४ महामार्गावर एक मोठा ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलरची शेपूट डुलायला लागली. डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक वेळी जरा जास्त. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, स्टिअरिंग सरळ धरलं, ट्रेलरचा ब्रेक हातानं हलकेच लावला, आणि तो शांत झाला. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबू नका आणि वेगही वाढवू नका. पुढच्या एक्झिटला थांबलो तेव्हा माझे हात थरथरत होते, आणि मागच्या सीटवरून आवाज आला, "आता उलाळ केलीस."

टंग वेट दहा टक्क्यांखाली गेलं की असं डोलणं सुरू होण्याची शक्यता वाढते. युरोपात याहून कमी टक्के चालतात हे खरं, पण तिथले ट्रेलर आणि टोइंगचे वेग वेगळे. जर्मनीत ट्रेलर घेऊन ताशी ८० किलोमीटर हा नेहमीचा नियम, खास परवानगी असेल तर १००. आपण इथे ताशी ६५ मैलांनी, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर जातो. तिकडचे आकडे इकडे आणू नका. जड सामान धुऱ्याच्या वर किंवा किंचित पुढे, खाली जमिनीलगत. मागच्या बंपरवर काहीही लटकवण्याआधी ट्रेलरच्या मॅन्युअलमध्ये परवानगी आहे का ते बघा, बऱ्याच ट्रेलरना नसते.

शेवटची गोष्ट परतीच्या प्रवासाची. जाताना पाण्याची टाकी भरलेली असते, येताना ती रिकामी आणि सांडपाण्याच्या टाक्या भरलेल्या. त्या टाक्या धुऱ्याच्या मागे असतील तर जाताना नीट असलेला ट्रेलर येताना उलाळ होतो. म्हणून कॅम्पग्राउंडमधून निघताना डंप स्टेशनवर त्या रिकाम्या करा, रांग कितीही लांब असली तरी. आमच्या ट्रेलरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर टाकी भरून आणि टाकी रिकामी असताना मोजलेलं टंग वेट, दोन तारखांसह. खाली आप्पांच्या अक्षरात "धुर" आणि "उलाळ" असे दोन शब्द, आणि मध्ये बाण.